नदीकडच्या बाजूचा गोल

माझ्या बहिणीच्या नवऱ्याचा आवाज ब्वेनोस आयरेसमधल्या प्रत्येक स्वयंपाकघराला ओळखीचा होता. रोहेलिओ पास्कुत्सी कित्येक वर्षे दर रविवारी रेडिओवरून फुटबॉलच्या सामन्यांचे धावते वर्णन करीत असे, आणि लोक कांदा चिरता चिरता ते ऐकत असत. त्याची एक लकब होती. मोठ्या स्टेडियमवर सामना असला, की तो डावे-उजवे असे कधीच म्हणत नसे. एक गोल ‘नदीकडचा’ आणि दुसरा ‘शहराकडचा’. रेडिओ ऐकणाऱ्याला मैदान दिसत नाही, पण आपली नदी कोणीकडे आहे हे आंधळ्यालाही कळते, असे तो म्हणे. ते खरेही होते. हुकूमशाहीची सेवा करणाऱ्या माणसांना अनेक खऱ्या गोष्टी ठाऊक असतात, ही त्यांच्याबद्दलची सर्वांत गैरसोयीची बाब.

त्याचा मुलगा फाबियान लहानपणी त्याच्या शेजारी, काचेच्या खोलीत बसे. बाप त्याला डोळे मिटायला लावी आणि गर्दीचा आवाज उठला की विचारी, “कुठल्या बाजूला?” पोरगे नुसत्या कल्लोळावरून सांगे. नदीकडे गोल झाला तर आवाज वाऱ्यावर फाटतो. शहराकडे झाला तर तो समोरच्या सज्ज्यावर आदळून परत येतो. दहाव्या वर्षापर्यंत फाबियान चुकेनासा झाला होता. पुढे तो वास्तुशास्त्र शिकू लागला, वस्तीतल्या लोकांना पाण्याचे नळ जोडून देऊ लागला, आणि गेल्या वर्षीच्या हिवाळ्यात साध्या कपड्यांतल्या चौघांनी त्याला बसथांब्यावरून उचलले. कोणत्याही पोलीस ठाण्यात त्याचे नाव नव्हते. न्यायाधीशाने कपाळाला आठ्या घालून सांगितले, की मुलगा कदाचित एखाद्या मुलीबरोबर युरोपात गेला असेल.

रोहेलिओला त्यानंतर ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ रेडिओवरून उतरवण्यात आले. माझी बहीण एलिदा डोक्याला पांढरा रुमाल बांधून दर गुरुवारी राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यासमोरच्या चौकात बेपत्ता मुलांच्या इतर आयांबरोबर फेऱ्या मारू लागली. मी त्याआधीच घरी बसले होते. विद्यापीठात मी लॅटिन शिकवीत असे, आणि प्राचीन प्रजासत्ताकाचा ऱ्हास हा माझा विषय होता. दोन हजार वर्षांपूर्वी मेलेल्या हुकूमशहांची निंदा जिवंत हुकूमशहांना झोंबावी, हा माझ्या अध्यापनाला मिळालेला सर्वांत मोठा गौरव, आणि तो मला बडतर्फीच्या पत्रातून कळवण्यात आला.

मग जून उजाडला, आणि विश्वचषक आला. जगातले पत्रकार येणार म्हणून विमानतळाच्या रस्त्यावरच्या झोपड्यांपुढे भिंत उभी राहिली आणि तिच्यावर घरांची सुंदर चित्रे रंगवली गेली. एका महिला साप्ताहिकाने पाककृतींच्या मधोमध छापील पोस्टकार्डे दिली: कापा, तिकीट लावा, आणि आमच्या देशाची बदनामी करणाऱ्या परदेशी वृत्तपत्रांना पाठवा. माझ्या इमारतीतल्या दंतवैद्याच्या बायकोने पाच पाठवली. ती दुष्ट बाई नव्हे. मी आजारी असताना तिने मला सूप आणून दिले होते. तिला फक्त परदेशी लोकांनी आपल्याला चांगले म्हणावे असे वाटत होते. आमच्या राष्ट्राचा हा जुना आजार आहे. सेनाधिकाऱ्यांनी तो निर्माण केला नाही, त्यांनी त्याचे फक्त कुरण केले.

या सोहळ्यात रोहेलिओला पुन्हा काम मिळाले. माइक नव्हे, पत्रकार कक्षात परदेशी पाहुण्यांची सरबराई. तो रोज संध्याकाळी एलिदाकडे हसत परते आणि त्यांच्या नकला करून दाखवी. त्याची आवडती नक्कल येर्बाची होती, म्हणजे एकाच तुंब्यातून धातूच्या नळीने आळीपाळीने ओढायच्या आमच्या कडू पाल्याच्या चहाची.

“तो जर्मन बघा,” तो म्हणे आणि येर्बाचा तुंबा बोटांच्या टोकांनी, जणू मेलेला उंदीर, तसा धरी. “आधी नळी पुसतो. मग नळी ढवळतो. ढवळतो! माझ्या आजीनं थोबाडीत दिली असती. मग एक घोट घेतो, तोंड कडू करतो, तुंबा परत देतो आणि झुकून म्हणतो, ‘आभारी आहे!’ झालं. मग बसलाय बिचारा तासभर, दुसरा तुंबा का येत नाही म्हणून.”

एलिदा त्या काळात ज्या थोड्या गोष्टींवर हसे त्यांपैकी ही एक. आमच्याकडे तुंबा परत करताना आभार मानले, की मला आता पुरे, असा त्याचा अर्थ होतो. फेरीतून आपण उठलो. हे कुणी शिकवत नाही. ते आईच्या मांडीवर बसूनच येते.

याच सुमारास मिर्ता माझ्या दारात आली. परिचारिकेचे शिक्षण घेणारी, पोरसवदा, केस कात्रीने कसेतरी कापलेली मुलगी. पाच महिने तिला डोळ्यांवर पट्टी बांधून ठेवले होते, आणि स्पर्धा सुरू झाल्यावर, का ते कुणालाच कळले नाही, एका पहाटे रस्त्याच्या कडेला सोडून दिले. दर सोमवारी ठाण्यात हजेरी लावायची होती. पहिल्याच सोमवारी ती गेली नाही. फाबियानने तिला पाठ करून दिलेल्या माझ्या पत्त्यावर आली.

“तो जिवंत आहे,” ती म्हणाली. “माझ्या शेजारीच होता. मध्ये फक्त एक फळी. तो म्हणाला, मावशीला आधी सांग, आईला नको. आई सरळ त्या फाटकावर जाऊन उभी राहील.”

“कुठल्या फाटकावर?”

“तेच तर त्यानं शोधून काढलं.” आणि ती पहिल्यांदा हसली. “आवाजावरून.”

त्या संपूर्ण वर्षात एवढी मौल्यवान बातमी या देशात दुसरी नसावी. मुलगा जिवंत होता, तो कुठे होता हे ठाऊक होते, आणि ते सांगणारी साक्षीदार माझ्या स्वयंपाकघरात दुधावाचून कॉफी पीत बसली होती. सामने संपेपर्यंत जगाचे कॅमेरे या शहरात होते. तोपर्यंत एका खऱ्या वार्ताहराने तिच्या तोंडून ऐकून हे छापले, तर फाबियानला मारणे अवघड होणार होते. सामने संपले की पाहुणे जाणार आणि दिवे मालवले जाणार. मिर्ताची अट एकच होती: आपल्या देशातल्या कुणाला नाही; परदेशी माणसाला, समोरासमोर. एलिदाला मी एवढेच सांगितले, की फाबियानला पाहिलेली मुलगी सापडली आहे. एलिदाने ते नवऱ्याला सांगितले. त्यात तिचे काही चुकले असे मी आजही म्हणत नाही. बापाला सांगायचे नाही तर कुणाला?

तीनच दिवसांत रोहेलिओ म्हणाला, “माणूस मिळाला. डच आहे. ब्राउवर नाव. भला गृहस्थ. स्पॅनिश येत नाही, पण फ्रेंच बोलतो. मेहुणीबाई, तुमची फ्रेंच एकदाची कामाला येईल.”

दिवस ठरला तो पेरूविरुद्धच्या सामन्याचा. सामना रोसारिओला होता, पण आमच्या शहरातही कुत्रेसुद्धा रस्त्यावर दिसले नसते. अंतिम फेरीत जायला किमान चार गोलांनी जिंकणे भाग होते. त्याच दुपारी हॉलंडने अंतिम फेरी गाठली होती.

*

एलिदाने दिवाणखान्यात स्वच्छ टेबलक्लॉथ अंथरला होता. कपाटावर फाबियानचा फोटो. ब्राउवर उंच, पिंगट केसांचा, कोपरांवर चामड्याची ठिगळे लावलेल्या कोटातला माणूस होता. त्याची फ्रेंच अस्खलित पण जड होती. डच माणसाची फ्रेंच म्हणून तिला आपोआप माफी मिळत होती. मी त्याचे अभिनंदन केले, तुमचा देश अंतिम फेरीत गेला म्हणून. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “हो, हो. चांगला खेळ झाला.”

मिर्ता खुर्चीच्या कडेवर बसली होती. एलिदाने रीतीप्रमाणे पहिला तुंबा स्वतः प्यायला, पुन्हा गरम पाणी ओतले आणि पाहुण्याला दिला. त्याने नळी पुसली नाही. तिला हातही लावला नाही. शांतपणे, तळाशी गुरगुर होईपर्यंत ओढले आणि काहीही न बोलता, नळी एलिदाकडे करून तुंबा परत दिला.

एलिदाचा चेहरा उजळला. “अगं बाई! बघा, बघा. हे तर आपल्यातलेच झाले की! तो जर्मन नळी ढवळत बसतो, आणि हे बघा.”

“मीच शिकवलं,” रोहेलिओ लगेच म्हणाला. “पत्रकार कक्षात.”

मी एलिदाचे कौतुक फ्रेंचमध्ये पोहोचवले. पाहुणा विनयाने हसला. परदेशी माणसाने आपली रीत उचलली म्हणून माझ्या दुःखी बहिणीचे डोळे पाणावले होते. दंतवैद्याच्या बायकोचा आणि हिचा आजार एकच होता, तो या घरातही शिरला होता. परंतु मी आयुष्यभर जुन्या हस्तलिखितांच्या नकला तपासल्या आहेत. नकलाकार चुकतो तेव्हा मला संशय येत नाही; तो जिथे चुकायला हवा तिथे चुकत नाही, तेव्हा येतो. तोंडपाठ केलेली रीत माणूस जरा जास्तच काळजीने पाळतो. याने ती पाळलीच नव्हती. याच्या हाताला ती ठाऊक होती.

आणि रोज संध्याकाळी परदेश्यांच्या नकला करणारा रोहेलिओ, ज्याने या प्रसंगी टाळ्या पिटायला हव्या होत्या, तो संत्रे सोलत होता.

शेजारच्या घरातून रेडिओ ऐकू येत होता. पहिला गोल झाला तेव्हा भिंत हादरली. ब्राउवरने मान वर केली नाही, पण टेबलाखाली त्याची टाच एकदा जमिनीवर आपटली.

मिर्ता बोलू लागली. ती एक वाक्य बोले, मी ते फ्रेंचमध्ये सांगे, तो लिहून घेई. कुठे पकडले. पट्टी. फळी. फाबियानचा आवाज. इथवर मी इमानदारीने भाषांतर केले. मग ती म्हणाली:

“आम्हाला कुठे ठेवलंय ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मेमध्ये बाहेर बँडची तालीम सुरू झाली, शाळेतल्या पोरांची कवायत. मग एक तारखेला उद्‌घाटन. आणि दुसऱ्या दिवशी आपला सामना झाला, हंगेरीशी. गर्दीचा आवाज उठला. पहारेकरी नाचायला लागले, आम्हालाही ओरडायला लावलं, ‘आर्हेन्तिना, आर्हेन्तिना’ म्हणून. फाबियान फळीजवळ येऊन कुजबुजला, ‘हे आमचं स्टेडियम. हा नदीकडच्या बाजूचा गोल. ऐक, आवाज फाटला. आपण नदीकाठी, स्टेडियमच्या वरच्या अंगाला आहोत.’ मग त्यानं रस्ता मोजून काढला. तिथं एकच जागा आहे. नौदलाची शाळा, पांढऱ्या खांबांची. तो म्हणाला, ‘बाबांनी शिकवलंय मला. बाबांना सांग, मी चुकलो नाही.’”

संत्र्याची साल एका लांब पट्टीत सुटत होती. ती तुटली.

एलिदा दोन्ही हातांनी टेबलाची कड धरून उभी राहिली होती. “तो तिथे आहे? मी दर आठवड्याला त्या रस्त्यानं बसनं जाते. तिथे?”

“बस, गं,” मी म्हणाले. आणि पाहुण्याकडे वळून, तोच दुभाष्याचा कोरडा सूर ठेवून, फ्रेंचमध्ये सांगितले: “ही म्हणते, त्यांना कुठे ठेवले होते ते कळायला मार्ग नव्हता. रात्री फक्त मालगाड्या ऐकू येत. मुलाचा अंदाज होता, की ते शहराबाहेर, रेल्वे यार्डापाशी असावेत.”

त्याची पेन्सिल चालू होती. माझ्या वाक्याच्या मानाने ती फार वेळ चालली. मग त्याने नम्रपणे विचारले, “आणि हे त्या मुलाने आणखी कुणाला सांगितले आहे काय? फळीच्या पलीकडे इतर कैद्यांना स्टेडियमविषयी ठाऊक आहे?”

मी स्टेडियम हा शब्द उच्चारला नव्हता.

पुस्तकांतले कट मी पुष्कळ वाचले आहेत. त्यांत अशा क्षणी सभागृह स्तब्ध होते, कुणीतरी झगा फाडतो. इथे शेजारी दुसरा गोल झाला, एलिदाने यांत्रिकपणे तुंब्यात पाणी ओतले, आणि मी रोहेलिओकडे पाहिले. त्याला फ्रेंच येत नाही. त्याला काही कळायचे कारण नव्हते. पण तो माझ्याकडे पाहत नव्हता. तो त्या माणसाकडे पाहत होता, नोकर धन्याचे जेवण झाले का पाहतो तसा.

त्या माणसाची एक अडचण होती, आणि ती त्यानेच स्वतःवर ओढवून घेतली होती. जोवर तो डच होता तोवर त्याच्यासमोर मी स्पॅनिशमध्ये काहीही बोलले तरी त्याला ते कळायला नको होते. अर्थात सावधगिरी हवीच होती. मी कप गोळा करता करता म्हणाले:

“मिर्ता, स्वयंपाकघरात दूध तापत ठेवलंय, उतू जाईल. जरा बघ. आणि शेजारच्या बाईंची वाटी राहिलीये, ती मागच्या दारानं देऊन टाक.”

एलिदाच्या घरात दूध घेणारा एकटा फाबियान होता. मिर्ताने माझ्याकडे पाहिले. आठवडाभर आम्ही दोघी काळी कॉफी पीत होतो. ज्या मुलीने पाच महिने फळीपलीकडच्या कुजबुजीवर काढले होते, तिला याहून जास्त सांगावे लागले नाही. ती उठली, पाहुण्याला मान लववली आणि आत गेली.

“ताई, दूध कसलं?” एलिदा म्हणाली. मी तिच्याहून धाकटी. पण मी पुस्तके वाचते म्हणून ती लहानपणापासून मला चिडवायला ताई म्हणत आली आहे, आणि आता ती सवयच झाली आहे.

“माझ्यासाठी. पोटात जळजळतंय.”

मी फ्रेंचमध्ये त्या माणसाला सांगितले, की मुलीला गोळी घ्यायची आहे, ती येईलच. दरम्यान आपण आईची माहिती लिहून घ्यावी. मी त्याला फाबियानच्या जन्माची कथा सांगितली, त्याच्या गोवराची, त्याच्या पहिल्या सायकलची. त्याने मोठ्या सहनशीलतेने ऐकले. तिसरा गोल झाला. मग चौथा.

त्या चौथ्या गोलाचे वर्णन करायला मी पुरेशी निष्पक्षपाती नाही. सगळी इमारत एकदम फुटली. दारे उघडली, भांडी वाजू लागली, जिन्यावर पावलांचा लोंढा उतरू लागला. खाली मोटारींचे भोंगे सुरू झाले. आणि डच गृहस्थाच्या ओठांवर, ज्याच्या देशाची गाठ आता या संघाशी पडणार होती, एक निखळ, बालसुलभ आनंद पसरला. तो क्षणभरच टिकला. मग त्याने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिले, ते बराच वेळ बंद आहे हे त्याच्या लक्षात आले, आणि तो उभा राहिला.

आता तो आमच्याच शहराच्या, अगदी उत्तरेकडच्या चांगल्या मोहल्ल्याच्या स्पॅनिशमध्ये बोलला. “पास्कुत्सी. मागचा जिना कुठे उघडतो?”

आणि रोहेलिओने उत्तर दिले. “अंगणात. तिथून बाजूच्या गल्लीत, साहेब.”

तो माणूस धावला. एलिदाच्या हातातली किटली कलली होती आणि गरम पाणी स्वच्छ टेबलक्लॉथवर पसरत होते. ती नवऱ्याकडे पाहत होती. त्याचे विश्वासघातकी असणे तिला अजून कळले नव्हते. तिला फक्त एवढेच कळले होते, की त्याला उत्तर ठाऊक होते आणि त्याने ते दिले.

मी खिडकीशी गेले. खाली नंबरपाटी नसलेली हिरवी गाडी उभी होती आणि तिला हलता येत नव्हते. निळ्या-पांढऱ्या झेंड्यांचा पूर रस्त्यावर आला होता. बेकरीवाला तिच्या टपावर चढून नाचत होता. माझ्या इमारतीतून धावत आलेली दंतवैद्याची बायको तिच्या बॉनेटवर पातेले बडवत होती. आतले दोघे दार उघडायला धडपडत होते आणि लोक प्रेमाने ते बाहेरून दाबून धरत होते. “उतरा, उतरा! मिठी मारा!” त्या गर्दीतून, खांद्यावर कुणाचा तरी झेंडा पांघरून, एक कापलेल्या केसांची मुलगी इतरांसारखीच उड्या मारत कोपऱ्याकडे गेली. ज्या जनतेने वर्षभर काहीही न पाहण्याचे पुण्य केले होते, तिने त्या संध्याकाळी न पाहताच एक जीव वाचवला. याचे श्रेय तिला द्यावे की नाही, यावर माझे मत अजून बनलेले नाही.

“रोहेलिओ,” एलिदा मागे म्हणाली. “तो कोण होता?”

“बस आधी. ऐक माझं.”

“मी उभी राहूनच ऐकते.”

“त्यांनी शब्द दिलाय, एलिदा. नौदलाच्या कप्तानानं स्वतः. ती पोरगी द्या, अंतिम सामन्याआधी मुलगा घरी. एकाच्या बदल्यात एक. मी काय करायला हवं होतं? सांग ना! तू चौकात गोल गोल फिरतेस, ही मेलेल्या रोमन लोकांची पुस्तकं वाचते. कुणीतरी काहीतरी करायला नको?”

“तिला आई नाही का?”

“काय?”

“त्या मुलीला. आई नाही का तिला, रोहेलिओ?”

बाहेर पाचवा की सहावा गोल झाला.

“आणि तो म्हणाला,” एलिदा शब्दाशब्दाला थांबत बोलली, “बाबांना सांग, मी चुकलो नाही. तू ऐकलंस. तुझ्यासमोर बोलली ती. आणि तू त्या माणसाला गल्ली दाखवलीस.”

“मला काय ठाऊक ती हे बोलणार आहे! एलिदा, ते शब्द पाळतात. लष्करी माणसं आहेत.”

मी एवढेच म्हणाले, की आता त्यांना हेही ठाऊक झाले आहे, की फाबियानने स्वतःला कुठे ठेवले आहे ते ओळखले आहे. रोहेलिओ माझ्याकडे पाहू लागला. हे त्याच्या लक्षात आले नव्हते. आयुष्यभर चेंडू पायावरून पायावर कसा जातो ते सांगणाऱ्या माणसाच्या हे लक्षात आले नव्हते.

*

मिर्ता ब्राझीलला पोहोचली. तिची साक्ष ऑगस्टमध्ये छापून आली; आणि ती खरोखरच एका डच वृत्तपत्रात, आतल्या पानावर, गाईगुरांच्या प्रदर्शनाच्या बातमीखाली. तोपर्यंत पाहुणे घरी गेले होते.

पेरूच्या सामन्यानंतरच्या रविवारी, त्याच नदीकाठच्या स्टेडियमवर, अंतिम सामना होता. रोहेलिओ शनिवारपासून घरी नव्हता. फाबियानला आणायला जातो, असे तो म्हणाला होता. एलिदाचा त्याच्यावर विश्वास उरला नव्हता, तरी तिने मुलाच्या खोलीतली चादर बदलली, आणि दुधाची बाटली आणून ठेवली. मी तिला अडवले नाही. आम्ही दोघी टेबलाशी बसलो. तिने रेडिओ लावला, कारण स्टेडियममधला आवाज ऐकणे म्हणजे मुलगा ऐकतोय ते ऐकणे, असे तिला वाटत होते.

खरखर झाली, आणि मग वर्षभर गप्प असलेला तो आवाज खोलीत आला. भरदार, उबदार, जरासा घोगरा. “नमस्कार मंडळी! पुन्हा एकदा तुमच्या सेवेला, रोहेलिओ पास्कुत्सी!”

हुकूमशाही व्यवहारात चोख असते. ती मोबदला देतेच. फक्त कशाच्या रूपात द्यायचा ते ती ठरवते. आणि घेणारा, हे तर मी मागितले नव्हते, असे म्हणू शकतो. पण तो म्हणत नाही, माइकसमोर जाऊन बसतो.

एलिदाने रेडिओ बंद केला नाही. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली, सामना लांबला तेव्हाही. पहारेकरी कोठड्यांपाशी रेडिओ मोठ्याने लावतात, असे मिर्ता म्हणाली होती. म्हणजे फाबियान असलाच, तर त्याला दोन्ही ऐकू येत होते: भिंतीपलीकडची गर्दी, आणि बापाचा आवाज. निर्णायक गोल झाला तेव्हा रोहेलिओचा स्वर आनंदाने चिरकला. “गोऽऽल! नदीकडच्या बाजूला, मंडळी! नदीकडच्या बाजूला!”

एलिदाने डोळे मिटले होते. “बरोबर सांगतोय,” ती म्हणाली. “आवाज फाटला.”

सोमवारी सकाळी तो आला. हातात मिठाईचा पुडा, घसा बसलेला, दाढी वाढलेली. रस्त्यावर कागदाचे कपटे घोट्यापर्यंत साचले होते, त्यांतले काही त्याच्या केसांत होते. एलिदा खुर्चीत बसली होती. तो एकटा आला आहे हे तिने पाहिले आणि मग पुन्हा दाराकडे पाहिले नाही.

“त्या वर्णनकाराचा घसा गेला होता,” तो म्हणाला. “मला ऐनवेळी बोलावलं. नाही म्हणता येईना. कप्तान म्हणतो, मुलगी हातची गेली, म्हणून उशीर होतोय. पण होईल म्हणतो. आठवड्याभरात. शब्द दिलाय, म्हातारे.”

मग तो स्वयंपाकघरात गेला, पाणी गरम करून घेऊन आला. त्या घरात येर्बा नेहमी एलिदा ओतत असे. आज त्याने तुंबा भरला, रीतीप्रमाणे पहिला स्वतः प्यायला, पुन्हा पाणी ओतले, नळी तिच्याकडे वळवली आणि तिच्यासमोर धरला.

“घे. गरम आहे. काही पोटात गेलं नाही तुझ्या.”

एलिदाने तुंब्याकडे पाहिले. तिने हात पुढे केला नाही. ओठही लावले नाहीत.

“आभारी आहे,” ती म्हणाली.

मग ती उठली, खुंटीवरचा पांढरा रुमाल घेतला आणि दारात उभी राहून बांधू लागली. तो वार सोमवार होता. चौकात कुणीच नसणार होते. “ताई, येतेस?” तिने मला विचारले. “त्या पांढऱ्या खांबांच्या फाटकापर्यंत. बस कुठली जाते ते मला ठाऊक आहे.”

मी कोट घेतला. जिना उतरताना मागून, उघड्या दारातून, तळाशी आलेल्या नळीची गुरगुर ऐकू आली. तो तिचा तुंबाही पीत होता.